शिफारस चालणार नाही

मखजूम कबिल्यातल्या एका बड्या घरच्या स्त्रीने चोरी केली, तेव्हा शिक्षा टळावी म्हणून हजरत उसामा (रजि.) यांच्यामार्फत शिफारस पाठवली गेली. प्रेषितांनी (सल्ल.) ती फेटाळली. माझी फातिमा असती तरी शिक्षा हीच, असे त्यांनी बजावले.

आपल्याकडे? महाराष्ट्रात दशकभरात सिंचनावर सुमारे ७० हजार कोटी रुपये खर्च झाले. सिंचित क्षेत्र मात्र अवघे ०.१ टक्का वाढल्याचे २०११-१२च्या आर्थिक पाहणीतून दिसले. सरकारने हा आकडा अमान्य केला. चौकशा सुरू झाल्या; २०१९ मध्ये नऊ प्रकरणांच्या फायली बंदही झाल्या.

मोबाईल चोरीच्या संशयावरून मोहल्ल्यातल्या पोराला उचलताना पोलिसांना कुणाची परवानगी लागत नाही. मंत्र्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची, तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली आलेल्या कलम १७-अ नुसार आधी सरकारची मंजुरी लागते.

हा भेद मोडायचा असेल, तर नेता ‘आपला’ आहे म्हणून गप्प बसणेही सोडावे लागेल. तीही शिफारसच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. नगरसेवकाच्या निधीचा हिशेब मागा. वक्फच्या जमिनींचाही मागा.