गाळ उपसावा, विहीर बुजवू नये



होळी जवळ आली की आपल्या जिल्ह्यातल्या पिंपळगाव सराईकडच्या वाटा माणसांनी फुलून जातात. सैलानीबाबांच्या दर्ग्यावर हिंदू येतो, मुसलमानही येतो. होळीत नारळ पडतात, इडापिडा जावी म्हणून अंगावरचे कपडे पडतात. याच गर्दीत दोरीने, साखळीने बांधून आणलेली माणसेही वर्षानुवर्षे दिसत आली आहेत. घरचे म्हणतात, बाहेरची बाधा आहे, कुणी करणी केली आहे.

हे पाहून कोणी म्हणतो, सारा दोष धर्माचा. दुसरा म्हणतो, धर्म निर्मळ आहे, दोष माणसांचा. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि दोन्हींनी साखळी काही सुटत नाही.

पहिल्याला विचारावे, ही माणसे तिथे का जातात? मेंदूच्या डॉक्टरचे गाव दूर, हातात पैसा नाही, आणि चारचौघांत वेडाचे नाव घेतले तर घरातल्या पोरींची लग्ने अडतात. दर्ग्यावर मात्र कोणी हसत नाही, रात्री अंग टाकायला जागा मिळते. थकलेल्या मायबापाला हा आधार श्रद्धेनेच दिला. तो हिरावून घेऊन त्याच्या हाती काय देणार?

आता दुसऱ्याला विचारू. 6 ऑगस्ट 2001 रोजी तामिळनाडूत एरवाडी इथे पहाटे आग लागली. तिथल्या प्रसिद्ध दर्ग्याच्या आश्रयाने चाललेल्या एका खासगी घरात मनोरुग्ण साखळीने बांधून ठेवले होते. त्यांना पळता आले नाही. 28 जीव गेले. आग धर्माने लावली नाही, हे खरे. पण माणसाला बांधून ठेवले तरी कोणाला वावगे वाटू नये, ही सवय कुठून आली? देवाच्या दारी चालले आहे म्हणून कोणी विचारले नाही. अन्नदानाचे, धर्मशाळेचे पुण्य धर्माच्या खाती जमा करायचे, तर साखळीची उधारीही त्याच खात्यावर लिहावी लागेल.

मग करावे काय? विहिरीत गाळ साचला, पाण्याला वास सुटला, म्हणून शहाणा शेतकरी विहीर बुजवत नाही. पाणी मुळात गोडच आहे, असे म्हणत तेच पाणी लेकरांना पाजतही नाही. तो उन्हाळ्यात विहिरीत उतरून गाळ उपसतो. गाडगेबाबांनी जन्मभर हेच केले. देवापुढच्या पशुबळीविरुद्ध ते कीर्तनातूनच बोलले. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. 2008 च्या सुमारास तिथे दुवा आणि दवा एकत्र आली. मुजावरच रुग्णाला डॉक्टरकडे पाठवू लागले.

आपल्या राज्यात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे हा त्यात गुन्हा आहे. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालत बसणे हाही गुन्हा आहे. वारी, कीर्तन, भजन, यात्रा यांना मात्र त्या कायद्याने हात लावलेला नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळी घालण्यास मनाई केली आहे.

पण कायदा घरोघर पहारा करीत नाही. फेफरे येणाऱ्या बहुतेकांचे झटके औषधाने आटोक्यात राहतात, मात्र गोळी रोज, न चुकता घ्यावी लागते. मनाच्या आजारासाठी जिल्हा रुग्णालयात विचारावे. 14416 या सरकारी क्रमांकावर फुकट सल्लाही मिळतो. नवस करायचा तर जरूर करा. पण गोळी थांबवू नका आणि माणसाला बांधू नका.

यात्रेच्या वाटेवर कोणी बांधलेला दिसला, तर नुसते हात जोडून पुढे जाऊ नये. त्याच्या घरच्यांना धीर द्यावा, डॉक्टरचा पत्ता द्यावा, आणि ती गाठ सोडायला सांगावे. धर्म कोणाचाही असो, त्याची विहीर त्यातले पाणी पिणाऱ्यांनीच साफ ठेवायची असते.