उतारा कुणी आणला?

मंडळी, सातबारा ठाऊक आहे ना? नमुना सात म्हणजे मालकी, नमुना बारा म्हणजे पिकं. समजा, तुम्हाला वढू बुद्रुकमधल्या (हो, छत्रपती संभाजी महाराजांची समाधी आहे तेच) एका गटाचा उतारा हवाय. पूर्वी तलाठ्याकडे खेटे घालावे लागायचे. २०१८पासून डिजिटल सहीचा उतारा ऑनलाइन मिळू लागला. कर्ज देणाऱ्या बँकेला मात्र तुम्ही तो कसा आणलात याच्याशी देणंघेणं नसतं. रकाने तेच, गट नंबर तोच.

ऑफिसात नव्याने आलेल्या मुलांना ‘प्रोव्हायडर क्लास’ मी असाच समजावतो. तुमचा बिलिंगचा कोड म्हणजे ती बँक. डेटा एसक्यूएल सर्व्हरमधून आला की ओरॅकलमधून, हे त्याला कळायची गरज नाही. तो फक्त ॲब्स्ट्रॅक्ट क्लासला ओळखतो: कनेक्शन उघड, कमांड चालव, ओळी दे. प्रत्यक्ष धावपळ करतो तो त्या-त्या डेटाबेसचा प्रोव्हायडर. डॉटनेटमध्ये २००५ साली ‘डीबीप्रोव्हायडरफॅक्टरी’ आली ती याचसाठी. कॉन्फिगमध्ये लिहिलेलं नाव द्या, योग्य प्रोव्हायडर हातात!

इथे एक गल्लत हमखास होते. कनेक्शन स्ट्रिंग म्हणजे प्रोव्हायडर नव्हे. स्ट्रिंग म्हणजे पत्ता: वढू बुद्रुक, तालुका शिरूर. (हवेलीतलं वढू खुर्द वेगळं, बरं का!) प्रोव्हायडर म्हणजे त्या पत्त्यावर जाऊन काम करून आणणारा.

एवढा खटाटोप कशाला? २०१० साली डॉटनेट ४ आलं आणि मायक्रोसॉफ्टने आपलाच ओरॅकल प्रोव्हायडर कालबाह्य ठरवला. ज्यांच्या कोडमध्ये पानोपानी त्याचं नाव होतं, त्यांच्या नशिबी फाइल अन् फाइल उघडणं आलं. ज्यांनी फक्त बेस क्लास वापरला, त्यांचं काम बरंच हलकं झालं.

बरंच म्हणतोय, सगळं नाही. कारण प्रोव्हायडर दुभाषा नव्हे. तुमची क्वेरी तो सुधारून देत नाही. पहिल्या दहा ओळींसाठी एसक्यूएल सर्व्हरला ‘टॉप १०’ लागतं, मायएसक्यूएलला ‘लिमिट १०’. म्हणून क्वेऱ्या कोडभर विखरू नका, डेटा ॲक्सेसच्या मोजक्या क्लासेसमध्येच ठेवा.

सोमवारी एक करून बघा. प्रोजेक्टमध्ये तुमच्या डेटाबेसचं नाव सर्च करा आणि ते किती फाइल्समध्ये सापडतं ते मोजा. दोन-तीन असतील तर खुशाल चहाला जा. पन्नास असतील तर ‘डेटाबेस बदलायचाय’ अशी मेल येण्याआधीच आवराआवरी सुरू करा!