'काही करत नाही हो तो!'

मराठी भाषेत सर्वांत जास्त वेळा खोटं ठरलेलं वाक्य कोणतं, असं विचारलं तर होस्टेलवाले एका सुरात सांगतील, "उद्यापासून अभ्यास!" पण सकाळी साडेसहाला आपल्या कुत्र्याला फिरवायला निघालेल्या माणसाला विचारून बघा. त्याचं उत्तर वेगळं असेल. तो सांगेल, "घाबरू नका, काही करत नाही हो तो!"

हे वाक्य नेहमी लांबून येतं. पन्नासएक मीटरवरून. त्याच्या पुढे एक तगडा कुत्रा मोकाट धावत येत असतो, आणि मागे त्याचे मालक संथपणे चालत असतात. साखळी असते, नाही असं नाही. ती मालकांच्या गळ्यात उपरण्यासारखी टाकलेली असते. म्हणजे साखळी आहे, पण चुकीच्या गळ्यात!

हा विषय कॉलेजच्या अंकात कशाला, असं काहींना वाटेल. कारण सांगतो. मी स्टाफ क्वार्टर्समध्ये राहतो. आमचा मोती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी मेसच्या मागे सापडलेलं हे पिल्लू होस्टेलच्या पोरांनी पार्ले-जीवर जगवलं आणि नंतर आम्ही घरी आणलं. त्याची नसबंदी झाली आहे, दरवर्षी लस टोचली जाते, आणि बाहेर पडताना तो नेहमी साखळीवर असतो. आपल्या कॅम्पसवर संध्याकाळी फिरायला येणारे साताठ कुत्रे तरी आहेत. क्वार्टर्समधले आहेत, आजूबाजूच्या सोसायट्यांतले आहेत. त्यातले निम्मे मोकळे असतात. आणि या निम्म्यांच्या मालकांशी माझं भांडण आहे. कुत्र्यांशी अजिबात नाही.

"काही करत नाही तो" या वाक्यात गोम अशी की, ते न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आहे. काका, तुमचा कुत्रा काय करतो हे मी विचारलेलंच नाही. माझा कुत्रा काय करेल, हा प्रश्न आहे. त्याच्या मागून सायकलवर येणारा वॉचमन काय करेल, हा प्रश्न आहे. पहाटे पाचला पोळ्या लाटायला येणाऱ्या मेसच्या मावशी, ज्यांना एकदा कुत्रं चावलेलं आहे, त्या काय करतील, हा प्रश्न आहे. तुमचा कुत्रा गुणी असेल. पण समोरचा गुणी आहे, आजारी नाही, म्हातारा नाही, घाबरट नाही, हे तुम्ही पन्नास मीटरवरून कसं ठरवलं?

थोडं कुत्र्यांच्या बाजूनेही बघू. आपल्या गेटवरची भटकी मंडळी एकदा नीट पाहा. दोन अनोळखी कुत्रे भेटतात तेव्हा शहाणा कुत्रा समोरून सरळ धावत जात नाही. तो वेग कमी करतो, वळसा घेतो, नजर बाजूला करतो, मधेच थांबून जमीन हुंगतो. हा त्यांचा नमस्कार आहे. दुसऱ्याला भेट नको असेल तर तो काढता पाय घेतो आणि विषय संपतो. म्हणजे भांडण टाळण्याचं कुत्र्यांचं मुख्य साधन कोणतं? अंतर! आता एक कुत्रा साखळीवर आहे आणि दुसरा सुसाट अंगावर येतोय. साखळीवरच्याला वळसा घेता येत नाही, पळता येत नाही. वर साखळीला बसलेला ताण त्याला सांगतोय की मालकसुद्धा घाबरलाय. पळण्याचा रस्ता बंद झाला की उरतं काय? गुरगुरणं, दात दाखवणं, आणि त्यानेही भागलं नाही तर चावणं. मग तो मोकळ्या कुत्र्याचा मालक धापा टाकत पोचतो आणि म्हणतो, "बापरे, तुमचा फारच ॲग्रेसिव्ह आहे हो!"

आपण इंजिनिअरिंगवाले, तर साधं गणित करू. मध्यम आकाराचा धडधाकट कुत्रा ताशी ३० किलोमीटर वेगाने सहज धावतो. म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. पन्नास मीटर अंतर तो सहा सेकंदांत कापतो. त्या सहा सेकंदांत मालकाने मोबाइलमधून मान वर करायची, काय चाललंय ते समजून घ्यायचं, हाक मारायची, कुत्र्याने ती ऐकायची, समोरचं आकर्षण सोडायचं, आणि मागे वळायचं. फर्स्ट इयरचा विद्यार्थीसुद्धा सांगेल की हे गणित सुटत नाही. साधारण साखळी असते सहा फुटांची, म्हणजे पावणेदोन मीटरच्या आसपास. मग गणित मांडायची वेळच येत नाही.

आणि बॉयलरला सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, तो काय बॉयलर दुष्ट असतो म्हणून? चांगल्यातल्या चांगल्या बॉयलरलाही तो लागतोच. साखळी म्हणजे कुत्र्याच्या चारित्र्यावर घेतलेला संशय नव्हे. समोरच्याला दिलेला तो शब्द आहे, की "तुमच्या परवानगीशिवाय आम्ही अंगावर येणार नाही."

हा शब्द मोडला की काय होतं, ते मागच्या सेमिस्टरला आमच्या घरी झालं. ग्राउंडच्या कडेने मी मोतीला घेऊन चाललो होतो. एका गृहस्थांचा लॅब्रॅडोर ग्राउंडच्या दुसऱ्या टोकाकडून सुटला. वाक्य आलंच, ठरल्याप्रमाणे! मी ओरडून सांगितलं, "काका, धरा त्याला." काका हसले. पुढच्या क्षणी दोन्ही कुत्रे एकमेकांत गुंतले होते. मोतीचा कान फाटला, चार टाके पडले. सोडवताना माझ्या मनगटावर दात लागले, कुणाचे ते देवाला ठाऊक. डॉक्टरांनी विचारलं, "त्या कुत्र्याला लस दिलेली आहे का?" लसीचं कार्ड 'घरी कुठेतरी' होतं. ते शेवटपर्यंत 'कुठेतरी'च राहिलं. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन घ्यायचं, हे तरी यानिमित्ताने सगळ्यांनी लक्षात ठेवा. कारण रेबीजची लक्षणं एकदा दिसू लागली की तो जवळजवळ शंभर टक्के जीवघेणा असतो. माझे डोस पहिल्या दिवसानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असे लागले. चौदावा दिवस नेमका सबमिशनचा!

पण दुखतं ते इंजेक्शन नाही. तेव्हापासून मोती ग्राउंडच्या कोपऱ्यावर आला की थांबतो. लांबून कुठलाही मोठा कुत्रा दिसला की अंगावरचे केस उभे करतो, भुंकतो. पूर्वी तो असं करत नव्हता. आणि क्वार्टर्सच्या मीटिंगमध्ये नाव कुणाचं निघालं? मोतीचं! "तो भुंकतो, पोरं घाबरतात." लॅब्रॅडोरचा विषयसुद्धा निघाला नाही. तो दिसायला गोड आहे ना! ज्याने नियम पाळला त्याचाच कुत्रा बदनाम झाला. याला न्याय म्हणायचा का?

आता एक मोठा मुद्दा. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शिक्षणसंस्था, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं अशा ठिकाणांहून भटकी कुत्री हलवून, नसबंदी आणि लसीकरण करून, निवारागृहात ठेवायचा आदेश दिला. तो योग्य की अयोग्य यावर होस्टेलच्या कट्ट्यावर रात्र रात्र वाद झाले आहेत, ते इथे नकोत. पण त्यानंतर कॅम्पसवरच्या प्रत्येक कुत्र्याकडे लोक बारकाईने बघू लागले, हे खरं. भटक्या कुत्र्याला बिचाऱ्याला मालक नसतो, म्हणून त्याचा दोष कुणाच्या नावावर टाकायचा हा प्रश्न पडतो. तुमच्या-आमच्या कुत्र्याला तर मालक आहे! तरीही तो मोकाट फिरला, तर "कॅम्पसवर कुत्रेच नकोत" म्हणणाऱ्यांच्या हातात आपण आयतं कोलीत देतो. एका बेफिकीर मालकाची किंमत उद्या सगळ्या मोत्या-टॉमींना मोजावी लागेल. मला भीती आहे ती याची.

कायदा काय म्हणतो तेही थोडक्यात सांगतो. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा त्याला गंभीर इजा होण्याचा संभव असेल, आणि तो टाळण्याची पुरेशी काळजी मालकाने जाणूनबुजून किंवा हलगर्जीपणाने घेतली नाही, तर तो गुन्हा आहे. पूर्वी हे भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ मध्ये होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम २९१ आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचना तर दोन्ही बाजूंना बरोबर धरतात. सोसायटीने कुत्रा पाळायला बंदी करू नये, असं त्या सांगतात, आणि सार्वजनिक जागेत कुत्रा साखळीवर ठेवा, असंही सांगतात. आपले लोक पहिलं वाक्य पाठ करतात आणि दुसरं ऑप्शनला टाकतात!

"पण बांधून ठेवणं म्हणजे क्रूरपणा नाही का? दत्तगुरूंच्या चार कुत्र्यांना कुठे साखळी आहे?" असं एका मॅडमनी मला विचारलं होतं. दत्तगुरूंचे कुत्रे पायाशी उभे असतात हो, कुणाच्या अंगावर धावून जात नाहीत! त्यांचं म्हणणं मात्र मी उडवून लावत नाही. कुत्र्याला मोकळं धावायला मिळायलाच हवं. दिवसभर फ्लॅटमध्ये कोंडलेला कुत्रा संध्याकाळी उधळला तर त्याचं काय चुकलं? पण त्यासाठी जागा आणि वेळ ठरवावी लागते. सगळ्यांच्या रस्त्यावर आपल्या कुत्र्याची हौस भागवायची, ही कुठली रीत? पुण्यातल्या टेकड्यांवरही हेच चालतं. वेताळ टेकडीवर पहाटे मोर दिसतात. मोराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. तरी त्याच्यामागे कुत्रा सोडून कौतुकाने बघत उभे राहणारे महाभाग असतातच.

संत नामदेवांची गोष्ट आपण लहानपणी ऐकली आहे. कुत्र्याने पोळी पळवली, तर कोरडी पोळी त्याला बाधेल म्हणून ते तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. त्यातली मेख अशी की तो कुत्रा त्यांचा नव्हता. स्वतःच्या कुत्र्याचे लाड कुणीही करतं. दुसऱ्याच्या कुत्र्याची अडचण जो ओळखतो, त्याला प्राणिप्रेमी म्हणावं.

म्हणून माझी मागणी साधी आहे. कॅम्पसच्या रस्त्यांवर, क्वार्टर्सच्या आवारात आणि लोक ग्राउंडवर असताना प्रत्येक पाळीव कुत्रा साखळीवर असावा. समोरून साखळीवरचा कुत्रा येताना दिसला तर आधी आपला कुत्रा जवळ घ्यावा आणि मग विचारावं, "भेटवू का?" उत्तर "नको" आलं तर राग न मानता पुढे जावं. लसीच्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये असावा. होस्टेलच्या मित्रांनाही एक विनंती आहे. कुणाच्या साखळीवरच्या कुत्र्याला मागून शीळ घालू नका, बिस्कीट फेकू नका. आधी मालकाला विचारा.

आणि मोकळं धावण्यासाठी एक उपाय सुचवतो. जिमखान्यामागचं जुनं टेनिस कोर्ट गेली काही वर्षं बंदच आहे. चारही बाजूंनी जाळी आहे, एकच फाटक आहे. दर रविवारी सकाळी एक तास ते कुत्र्यांसाठी उघडावं. फाटकावर लसीचं कार्ड दाखवायचं, आत साखळी काढायची, घाण आपापली उचलायची. खर्च जवळजवळ शून्य. या अर्जावर क्वार्टर्समधल्या अकरा घरांच्या सह्या झाल्या आहेत. त्यात लॅब्रॅडोरवाल्या काकांची सही अजून नाही. त्यांनी ती करावी, त्यांच्या कुत्र्यालाही तिथे मनसोक्त धावता येईल. अर्ज लायब्ररीच्या काउंटरवर ठेवलेला आहे. होस्टेलवाल्यांच्या सह्याही चालतील.

- तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी