मुलांना हेर करू नका!

दिवाळी आली की आमच्या आळीत किल्ले उभे राहतात. दगड, विटा, जुनी पोती आणि चिखल यांतून पोरे तट-बुरूज उठवतात, उतारावर अळीव पेरतात आणि बाजारातून आणलेले मातीचे मावळे जागोजागी बसवतात. गेल्या दिवाळीत माझ्या वर्गातल्या एका सातवीच्या मुलाने या खेळात एक नवीनच गोष्ट आणली. मामाने त्याला तळहाताएवढे, चार पंख्यांचे, कॅमेरा लावलेले विमान भेट दिले होते. हल्ली सगळे ज्याला ड्रोन म्हणतात ते. पोराने ते पलीकडच्या आळीच्या किल्ल्यावर नेले आणि मोबाइलच्या पडद्याकडे पाहत तो ओरडला, "सर, त्यांचा मागचा बुरूज अजून ओला आहे! आणि तोफ एकच आहे!"

सगळे हसले. मीही हसलो. तेवढ्यात शेजारचे एक गृहस्थ कौतुकाने म्हणाले, "मास्तर, असलीच पोरे उद्या देशाच्या कामी येतील बघा. युक्रेनमध्ये पोरांनीच तर शत्रूचे रणगाडे हेरून दिले!"

माझे हसू तिथेच थांबले. हा लेख त्या वाक्याला उत्तर म्हणून लिहिला आहे.

गृहस्थांचे म्हणणे खोटे नव्हते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाची फौज युक्रेनमध्ये शिरली आणि दुसऱ्याच दिवशी तिथल्या संरक्षण खात्याने कीव्हच्या नागरिकांना आवाहन केले, की ज्यांच्याजवळ ड्रोन असतील त्यांनी ते द्यावेत, ज्यांना उडवता येतात त्यांनी मदतीला यावे. लग्नाचे आणि सहलीचे चित्रीकरण करणारी यंत्रे रातोरात टेहळणीला लागली. कीव्हजवळच्या एका १५ वर्षांच्या मुलाने आपले छोटे ड्रोन उडवून झितोमिरच्या महामार्गावरून येणारा रशियन ताफा शोधला आणि त्याचा ठावठिकाणा आपल्या सैन्याला कळवला. वडील त्याच्या सोबतीला होते. जगभरच्या वृत्तपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले.

त्या मुलाच्या धैर्याला मी नावे ठेवणार नाही. घरावर वरवंटा चालून येत असता हात बांधून बसा असे त्याला कोणत्या तोंडाने सांगावे? माझे भांडण त्याच्याशी नाही. टाळ्या वाजवणाऱ्या मोठ्या माणसांशी आहे.

कारण टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कितीजणांनी युद्धाचा कायदा उघडून पाहिला? जिनीव्हा करारांना १९७७ साली जो पहिला जोडकरार झाला, त्याचे ५१ वे कलम सांगते, की सामान्य नागरिकावर हल्ला करता येणार नाही; परंतु तो लढाईत प्रत्यक्ष भाग घेत असेल तितका वेळ हे संरक्षण त्याला नाही. तोफांना शत्रूचा नेमका पत्ता देणे हा प्रत्यक्ष भाग नव्हे, असे कोणता सेनापती म्हणेल? म्हणजे ज्या क्षणी मुलाने बटण दाबले, त्या क्षणी शत्रूला त्याच्यावर नेम धरण्याची सबब मिळाली. अंगावर वर्दी नाही, हातात बंदूक नाही, पाठीशी पलटण नाही. आणि शत्रूलाही एक धडा मिळाला, की पोरांच्या हातातल्या खेळण्यांकडे संशयाने पाहावे. पुढच्या गावात निव्वळ मजेखातर ड्रोन उडवणाऱ्या पोराने या धड्याची किंमत का द्यावी?

मला सर्वांत खटकते ते निराळेच. १९८० साली शस्त्रास्त्रांवर जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात मुलांच्या खेळण्यांत सुरुंग-सापळे लपवण्यास मनाई आहे. खेळण्याचा शस्त्र म्हणून उपयोग करणे ही नीचपणाची सीमा, हे जगाने तेव्हा ओळखले. मग खेळण्याचा हेर करायचा आणि ते मुलानेच चालवायचे, याला मात्र आपण शाबासकी देतो!

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. "मास्तर, खेळण्यांनी जीव वाचतात त्याचे काय?" वाचतात, कबूल. अफगाणिस्तानात एका अमेरिकन शिपायाला त्याच्या भावाने खेळण्यातली मोटार पाठवली होती. २०११ साली तीच मोटार कॅमेरा बांधून गस्तीच्या पुढे धाडली असता तिने सुरुंगाची तार ओढली. सुमारे ५०० पौंड दारूगोळा उडाला आणि सहा शिपाई वाचले. १९६९ साली सुएझ कालव्याच्या काठी इस्रायली हेरखात्यातले मेजर शब्ताई ब्रिल यांनी अमेरिकेतून आणलेल्या खेळण्यातल्या विमानांना कॅमेरे लावून इजिप्तच्या मोर्चांची छायाचित्रे मिळवली. पण दोन्ही ठिकाणी खेळणे कोणाच्या हाती होते? शिपायाच्या. खेळणे फौजेत गेले, मूल गेले नाही. माझी रेषा नेमकी इथे आहे.

दुसरा आक्षेप आपल्या मराठी मनाचा. "बहिर्जी नाईक विसरलात काय?" विसरलो नाही. पण बहिर्जी स्वराज्याचे चाकर होते, जाणते होते; पकडले गेलो तर काय होईल हे ते पुरते ओळखून होते. सातवीतल्या मुलाला कॅमेऱ्यातून ओला बुरूज दिसतो. त्या बुरुजावरूनही कोणी आपल्याकडे पाहत आहे, हे दिसायला वय लागते.

तिसरा आक्षेप संकटाचा, आणि तो मी हलका मानत नाही. ८ मे २०२५ च्या रात्री पाकिस्तानने आपल्या ३६ ठिकाणांवर तीनशे-चारशे ड्रोन सोडले. आपल्या हवाई संरक्षणाची माहिती काढण्याचा त्यांत हेतू असावा, असे आपल्या सेनाधिकाऱ्यांनीच सांगितले. तेव्हा टेहळणी हवीच. मात्र ती सैन्याने स्वतःच्या डोळ्यांनी करावी. २००९ सालच्या 'थ्री इडियट्स' चित्रपटात कॉलेजातल्या मुलाचे म्हणून जे उडते यंत्र दाखवले, ते मुंबईच्या आय. आय. टी. मधून शिकून बाहेर पडलेल्या तरुणांच्या कंपनीचे होते. २०२१ साली त्याच कंपनीशी आपल्या लष्कराने टेहळणीच्या विमानांचा करार केला. हा रस्ता सरळ आहे: सरकारने पैसे मोजावेत, कारखान्याने यंत्र द्यावे, शिकलेल्या जवानाने ते चालवावे.

आपला कायदाही शहाणा आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे परवाना हवा तर वय १८ पुरे असावे आणि दहावीची परीक्षा उत्तीर्ण असावी. म्हणजे प्रशिक्षण घेतले तर माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तरालाही तो मिळेल, माझ्या वर्गातल्या पोराला मिळणार नाही. २५० ग्रॅमपर्यंतच्या चिमुकल्या यंत्राला परवाना लागत नाही, ते ठीकच. ते खेळणे आहे आणि खेळणेच राहावे. पण शांततेत ज्याला मोठे ड्रोन उडवण्याचा परवाना आपण देत नाही, त्याला युद्धात तोफांचा डोळा होऊ देणार काय?

म्हणून सरकारने आजच लिहून ठेवावे, की संकट कितीही मोठे असो, अठरा वर्षांखालच्या मुलाकडून टेहळणीचे काम घेतले जाणार नाही आणि त्याने आपण होऊन माहिती आणली तर त्याला पुन्हा पाठवले जाणार नाही. संकट आल्यावर असले नियम सुचत नाहीत. आणि आपण आईबापांनी, मास्तरांनी एवढे तरी करावे, की असल्या गोष्टी पोरांपुढे सांगताना डोळ्यांत चमक आणू नये.

या दिवाळीतही तो मुलगा आपले विमान घेऊन येईल. जरूर यावे. पलीकडच्या आळीचा बुरूज ओला असेल तर तसे त्याने ओरडून सांगावे. म्हणजे त्या आळीची पोरे धावत येतील, भांडतील आणि शेवटी दोन्हीकडची मिळून फराळाला बसतील. मातीच्या मावळ्यांपलीकडची लढाई त्याने या वयात पाहू नये, याची काळजी वाहण्यासाठीच आपण मोठी माणसे आहोत.