श्रोत्याच्या सवडीचा प्रश्न

कलाकृति समजली नाहीं म्हणून तिला टाकाऊ ठरविणें व समजली नाहीं म्हणूनच तिला थोर ठरविणें, हे टीकेचे दोन सोपे मार्ग होत. इंग्लंडांतील रेडिओहेड या पांच वादकांच्या मंडळीनें ऑक्टोबर २००० मध्यें ‘किड ए’ नांवाचा अल्बम प्रसिद्ध केला, तेव्हांपासून या दोन्ही मार्गांवर जी गर्दी लोटली आहे ती पाहून आमच्यानें स्वस्थ बसवत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति. १९९७ सालच्या ‘ओके कॉम्प्युटर’ या अल्बमानें ही मंडळी, ज्यास ‘ऑल्टरनेटिव्ह रॉक’ म्हणतात त्या संगीताच्या अग्रभागीं येऊन बसली होती. तीन गिटारींचा मेळ व थॉम यॉर्क यांचा आर्त, उंच चढणारा स्वर हें तिचें भांडवल. तें हातीं असतां कोणाहि व्यवहारचतुर मनुष्यानें त्याच मालाचे आणखी दोन गठ्ठे बाजारांत आणले असते. यांनीं पॅरिस, कोपनहेगन व पुढें इंग्लंड येथें मिळून वर्षाहून अधिक काळ खर्चिला; गिटार बहुतेक बाजूस ठेवली; यॉर्क यांचा स्वर यंत्रांतून तोडूनमोडून काढला; आणि कांहीं पदांचे शब्द तर टोपींतून चिठ्ठ्या उचलून जुळविले. विक्रीसाठीं एकहि सुटें गाणें काढलें नाहीं, कीं नेहमीच्या धर्तीची चित्रफीत काढली नाहीं. इतकें करूनहि अल्बम ब्रिटन व अमेरिका या दोन्ही देशांत विक्रीच्या यादींत पहिला आला, ही गोष्ट श्रोत्यांच्या वतीनें बोलणाऱ्या टीकाकारांस अद्याप पचलेली दिसत नाहीं.

या टीकाकारांत कादंबरीकार निक हॉर्नबी हे अग्रगण्य. ‘न्यू यॉर्कर’मधील त्यांच्या लेखाचा मथितार्थ असा कीं, असला अल्बम उलगडण्यास लागणारी चिकाटी सोळा वर्षांच्या मुलापाशीं असते, नोकरी करून थकलेल्या प्रौढ मनुष्याकडून तिची अपेक्षा धरणें गैर. हॉर्नबी यांचें गद्य प्रसन्न आहे, व म्हणूनच हा मुद्दा पुष्कळांस गोड लागला. परंतु त्याचा अर्थ काय होतो? पगार सुरू झाला कीं मनुष्याच्या कानांची वाढ खुंटते, असाच कीं नाहीं? गिरगांवच्या रस्त्यांवर गणेशोत्सवांतील बैठकी रात्र रात्र ऐकणारे श्रोते कोण होते? सकाळीं कचेरी गांठणारे कारकूनहि त्यांत होतेच ना? ख्यालाच्या विस्तारांत बंदिशीचे शब्द विरून गेले म्हणून त्यांपैकीं कोणी उठून गेल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. थकलेल्या मनुष्याला हलकें कांहीं हवें असतें हें खरें. पण त्याला केवळ हलकेंच पेलतें असें त्याच्या वतीनें जाहीर करणें ही त्याच्यावरची दया नसून त्याचा उपमर्द आहे. हाच युक्तिवाद अभ्यासमंडळांच्या बैठकींत आम्हीं पुष्कळदां ऐकला आहे, व त्याच्या जोरावर कठीण पुस्तकें एकेक करून गळतांनाहि पाहिलीं आहेत. विद्यार्थ्याच्या सवडीचा कैवार घेणाऱ्यांपैकीं कोणी प्रत्यक्ष विद्यार्थ्यास कधीं विचारलें होतें काय, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं.

शिवाय ‘किड ए’ खरोखर इतका दुर्गम आहे काय? ‘हाऊ टु डिसअपिअर कंप्लीटली’ हें गाणें साध्या गिटारीवर चालतें व त्यामागून तंतुवाद्यांचा मेळ हळूहळू चढत जातो. ‘मोशन पिक्चर साउंडट्रॅक’ तर पायपेटीच्या जातीच्या वाद्यावर गाइलें आहे. पहिल्या गाण्याचें आवर्तन दहा मात्रांचें. झपताल मोजणाऱ्याला ही संख्या भिववील असें नाहीं.

आतां दुसऱ्या पक्षाकडे वळूं. ‘पिचफर्क’ या अमेरिकन नियतकालिकानें अल्बमास दहांपैकीं दहा गुण दिले. ‘रोलिंग स्टोन’नें तो दशकांतील सर्वश्रेष्ठ ठरविला. गुण देण्यास आमची हरकत नाहीं (तो आमचा पोटाचाच धंदा आहे), पण उत्तरपत्रिका वाचून ते द्यावेत. भक्तमंडळीचा आवडता शब्द ‘अभूतपूर्व’. ‘इडिओटेक’ या गाण्याच्या पायांतील चार स्वरमेळ पॉल लान्स्की यांच्या १९७३ च्या संगणकरचनेंतून घेतलेले आहेत, व त्या रचनेचें नांव वॅग्नरच्या १८६५ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘ट्रिस्टान उंड इझोल्डे’मधून घेतलेलें. जॉनी ग्रीनवुड वाजवितात तें ओंद मार्तनो हें विद्युत्-वाद्य १९२८ सालीं पुढें आलें. मेसियां यांनीं तें ‘तुरंगलीला’ या संस्कृत नांवाच्या सिंफनींत योजलें, तेव्हां या पांचांपैकीं एकाचाहि जन्म झालेला नव्हता. ‘द नॅशनल अँथम’मधील पितळी वाद्यांचा कल्लोळ मिंगसच्या जाझचा ऋणी आहे. हें ठाऊक नसणाऱ्यालाच अल्बम आकाशांतून पडलेला वाटतो. ठाऊक असणाऱ्याला त्यांतील खरें कर्तृत्व दिसतें: विद्यापीठाच्या यंत्रावर जन्मलेले ते चार स्वरमेळ, भयानें धांवत सुटलेल्या जमावाच्या गाण्यांत असे बसविणें कीं त्यांवर लोकांनीं नाचावें.

दोष नाहींत असें नव्हे. ‘ट्रीफिंगर्स’ हा साडेतीन मिनिटांहून लांब शब्दहीन तुकडा आम्हांस केवळ भरणा वाटतो. त्याच काळीं मुद्रित झालेलीं आणखी गाणीं जून २००१ मध्यें ‘अ‍ॅम्नीझिअ‍ॅक’ या नांवानें निघालीं. त्यांत ‘पिरॅमिड साँग’ आहे. तें हातीं असतां मागें ठेवून ज्यांनीं ‘ट्रीफिंगर्स’ला जागा दिली, त्यांस निवडीच्या प्रश्नाचे पुरे गुण आम्ही देणार नाहीं.