हृदयाच्या ठोक्यांचा इशारा कुणासाठी?

वेळेआधी जन्मलेल्या, दीड किलोहूनही कमी वजनाच्या बाळाच्या रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला, तर सुरुवातीला बाहेरून फारसे काही दिसत नाही. ताप येईलच असे नाही. पुढे दूध पचेनासे होते, श्वास मध्येच थांबतो, अंगाचा रंग उतरतो. पण तोवर उपचारांचे मोलाचे तास हातचे गेलेले असतात. ठोक्यांतला बदल मात्र त्याआधीच सुरू झालेला असू शकतो. निरोगी हृदयाच्या दोन ठोक्यांमधले अंतर कधीच एकसारखे नसते; श्वास घेताना ते किंचित घटते, सोडताना वाढते. स्वायत्त चेतासंस्थेची एक बाजू हृदयाला वेग देते, दुसरी मुख्यतः वेगस नसेच्या मार्गाने त्याला आवर घालते, आणि या दोघींची ओढाताण ठोक्याठोक्याला उमटत राहते. संसर्ग झालेल्या बाळात हा चढउतार सपाट होत जातो आणि मधूनच ठोके एकदम मंदावून पुन्हा सावरतात. नुसता सरासरी वेग पाहणाऱ्याला यातले काही कळत नाही.

अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या रँडल मूरमन, पामेला ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी हे बदल सतत मोजून संसर्गाच्या धोक्याचा एकच अंक दाखवणारी पद्धत बसवली. नऊ नवजात अतिदक्षता विभागांतल्या ३,००३ बाळांवर तिची चाचणी झाली. निम्म्या बाळांचा अंक डॉक्टरांना दिसत होता, उरलेल्यांचा फक्त नोंदला जात होता. २०११ साली निकाल आला : अंक झाकलेल्या गटात १०.२ टक्के बाळे दगावली, अंक दिसत असलेल्या गटात ८.१ टक्के. विशेष म्हणजे अंक वाढल्यावर काय करायचे, याची सक्ती कुणावर नव्हती. डॉक्टर आणि परिचारिका बाळाकडे पुन्हा एकदा नीट पाहत, गरज वाटली तर रक्त तपासणीला पाठवत. माझ्या मते या तंत्राचे सारे मोल इथे आहे : प्रश्न नेमका होता आणि उत्तर मिळताच हालचाल करणारी माणसे खाटेजवळ होती.

यावर रास्त आक्षेप आहेत. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट मृत्युदर नव्हते. व्हेंटिलेटरविना जगलेले दिवस वाढतात का हे पाहायचे होते, आणि त्यातला फरक सांख्यिकीच्या कसोटीला उतरला नाही. शिवाय अंक दिसू लागला की रक्त तपासण्या वाढतात आणि विनाकारण प्रतिजैविके दिली जाण्याची भीती असते. म्हणून हे यंत्र उद्याच सगळीकडे बसवा, असे मी म्हणणार नाही. त्यातच भारतातली परिस्थिती वेगळी. दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांच्या २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जंतुसंसर्गाची जवळपास दोन तृतीयांश प्रकरणे जन्मानंतरच्या पहिल्या तीन दिवसांतली होती, आणि त्यामागे औषधांना न जुमानणारे जंतू मोठ्या प्रमाणावर होते. अमेरिकी पद्धत घडली ती प्रामुख्याने उशिरा होणाऱ्या संसर्गासाठी. तिचे गणित इथल्या बाळांवर नव्याने पडताळावेच लागेल. मात्र ‘परवडणार नाही’ हा आक्षेप मला तितकासा पटत नाही, कारण अतिदक्षता विभागातल्या मॉनिटरवर ठोक्यांचा आलेख आधीच उमटत असतो. भर घालायची ती मुख्यतः त्यावरच्या आकडेमोडीची.

हेच शास्त्र आज सर्वाधिक विकले जाते ते मनगटावर, ‘ताण’ नावाचा आकडा म्हणून. युरोप आणि उत्तर अमेरिकेतील हृदयतज्ज्ञांच्या संस्थांनी १९९६ मध्येच बजावले होते की पाच मिनिटांची किंवा चोवीस तासांची नोंद घ्यावी आणि वेगवेगळ्या लांबीच्या नोंदींची तुलना करू नये. घड्याळ तर प्रकाशाने नाडी टिपते, आणि हात हलला की त्यात गोंधळ होतो. वय, झोप, दारू, श्वासाची गती, सगळ्यांनी आकडा बदलतो. स्वतःच्याच नोंदी महिनोन्महिने पडताळणाऱ्या खेळाडूला त्याचा उपयोग होतो, हे मान्य. पण ‘आकडा पाहण्यात नुकसान काय?’ असे विचारणाऱ्यांनी दोन माणसे डोळ्यांसमोर आणावीत : धडधाकट असून रोज सकाळी धास्तावणारा, आणि छातीत दुखत असताना हिरवा आकडा पाहून दवाखाना टाळणारा. कंपन्यांनी हा आकडा कशावरून काढला आणि कुणावर तपासला, हे जाहीर करणे बंधनकारक असले पाहिजे.

महाराष्ट्राला या विषयातला एक धडा फार पूर्वी मिळाला आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गडचिरोलीत गावातल्याच महिलांना नवजात बाळातली जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखायला आणि प्रतिजैविकाचे इंजेक्शन द्यायला शिकवले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. तिथे संगणक नव्हता. लक्षण ओळखणारी आणि लगेच उपचार करणारी व्यक्ती मात्र एकच होती. म्हणून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या नवजात विभागांत ठोक्यांच्या विश्लेषणाची चाचणी व्हावी, आणि तिच्या खर्चातच रात्रपाळीच्या पुरेशा परिचारिका व चोवीस तास चालणारी रक्त तपासणीची प्रयोगशाळा धरावी. रात्री दोन वाजता अंक चढला, तर बाळाजवळ कुणीतरी पोहोचले पाहिजे.