बुडी मारणारे व काठावरचे

सुटीत बेटावर जावयाचे ठरले की आपल्या मावळातील घरांत दोन पक्ष पडतात. एक समुद्रात बुडी मारण्यास उत्सुक, दुसरा पाण्याखाली जाण्यास मुळीच राजी नसलेला. आमच्या मते स्थळाची निवड दुसऱ्या पक्षाकडे पाहून करावी. बुडी मारणारा पाण्याखाली बहुधा तासभरही नसतो. काठावर बसलेल्या आजीस मात्र सारा दिवस काढावयाचा असतो. अंदमान व लक्षद्वीप रम्य खरेच, परंतु आम्हांस मालवण अधिक पसंत आहे. तेथे समुद्रतळी प्रवाळ आहे, आणि कुरटे बेटावर १६६४ साली बांधावयास घेतलेला सिंधुदुर्गही आहे. आपल्या लोहगडाबरोबरच तो २०२५ साली जागतिक वारसायादीत गेला. पावसाळा तेवढा टाळावा.

पालकांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. खोल पाण्यात दाबामुळे नत्रवायू शरीरात विरघळतो; त्यानंतर लवकरच उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन इजा होण्याचा संभव असतो. लोणावळे समुद्रसपाटीपासून ६०० मीटरांहून उंच आहे. सबब बुडी मारली त्याच दिवशी घाट चढू नये. रात्र मालवणासच काढावी, आणि शेवटचा दिवस काठावरच्यांच्या स्वाधीन करून सर्वांनी होडीने सिंधुदुर्गास जावे.